दोन कार्ब्युरेटर, एक कान

आधी दिवा, मग दार, हा नीवेसचा रोजचा नेम होता. मरियामातेचं चित्र असलेल्या, भिंतीत बसवलेल्या फरशीपुढे ती वात पेटवायची आणि मगच दुकानाचं पत्र्याचं दार वर ढकलायची. आई गेल्याला सहा वर्षं झाली होती, पण हा नेम एकदाही चुकला नव्हता. अंगात ताप असताना शाल गुंडाळून का होईना, ती खाली उतरली होती. मे महिना मरियेचा, म्हणून या महिन्यात दिव्याशेजारी एक गुलाब, आणि कॉफीत साखर नाही, एवढं वाढीव.

त्या शनिवारी तिचं लक्ष वातीवर नव्हतं, आणि काडी वातीला लागायच्या आधीच विझली. तिनं दुसरी काडी ओढली. एप्रनच्या खिशात प्रार्थनेचं पुस्तक होतं, पुस्तकात पत्र होतं, आणि पत्रातला सोमवार आता परवावर आला होता.

"वारा आहे का गं?" मागून लेआर्कोंनी विचारलं.

ती वळली, त्यांच्यासमोर चेहरा धरून ओठ नीट हलवत म्हणाली, "नाही बाबा. काडी सादळली होती."

त्यांनी मान हलवली. ओठ दिसले तर त्यांना निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं ते अंदाजानं भरून काढायचे.

फाएंझा गावात इंजिन खोलणारे पुष्कळ होते, पत्रा ठोकणारे त्याहून जास्त. पण नुसतं कार्ब्युरेटरचं काम करणारा एकच, लेआर्को मोंतानारी. तरुणपणी शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं त्यांनी रात्रंदिवस चाचणीच्या खोलीत पळवली होती. त्या खोलीनं त्यांना नाव दिलं आणि कान घेतले. उजवा आधी गेला, मग डावा. ही गोष्ट घरात तिघांनाच ठाऊक होती, आणि आता दोघांनाच.

गावात मात्र वेगळीच कथा होती. लेआर्को आता बोटांनी ऐकतो, असं लोक म्हणायचे. हात मडगार्डवर ठेवला की त्याला इंजिनाची नाडी लागते. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. बॉनेट उघडं, म्हातारा डोळे अर्धवट मिटून डावा तळवा मडगार्डवर टेकवून उभा, उजव्या हातात चंदनी रंगाच्या मुठीचा पेचकस. शेजारी त्याची मुलगी, रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून. मुलगी मदतीला आहे, असंच कुणालाही वाटावं. तिचं बोट मधूनमधून मडगार्डवर टिचकी मारतं, याकडे कुणाचं लक्ष नसे. एक टिचकी म्हणजे स्क्रू सैल करा. दोन म्हणजे आवळा. आणि तळवा पालथा टेकवला म्हणजे पुरे, आता हात काढा.

ही भाषा आईनं बसवलेली; आधीची तीन वर्षं त्यांचा कान तीच होती. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तिनं आपली जपमाळ नीवेसच्या मनगटाला गुंडाळली आणि म्हणाली, "याच्या हाताला काम आहे तोवर याचा कान तू. मरियेसमोर म्हण." नीवेसनं म्हटलं. तेव्हा ती अठ्ठावीसची होती. घेतला वसा टाकायचा नसतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण वसा एका दिवसाचा असतो, नऊ दिवसांचा असतो, फार तर चाळीस दिवसांचा. याला शेवटचा दिवसच नव्हता.

पत्र कास्तेलफिदार्दोहून आलं होतं. त्या गावात अकॉर्डियन बनतात. मागच्या शरदात एक वादक आपली गाडी घेऊन दुकानात आला होता. काम होईस्तोवर तो मागच्या सीटवर बसून वाजवत होता. नीवेस त्याला सहज म्हणाली, "तुमच्या वरच्या सा च्या दोन सूरपत्त्यांपैकी एक खाली उतरलीय. भांडतायत दोघी." त्यानं वाजवणं थांबवून तिला तिथल्या कारखान्याचा पत्ता लिहून दिला. डिसेंबरात ती लोरेतोच्या यात्रेला गेली, मरियामातेच्या पवित्र घरापुढे गुडघे टेकले, आणि तिथून चार मैलांवरच्या त्या कारखान्यात जाऊन परीक्षाही दिली. खोटं ती बोलली नव्हती. यात्रा तर केलीच होती. एकाच सुरासाठी लावलेल्या दोन पोलादी पत्त्या कानशीनं हलकेच घासून जुळवायच्या. आठ जोड्या दिल्या होत्या, तिनं आठही जुळवल्या. देखरेख करणारी बाई म्हणाली, "कुठं शिकलात?" नीवेस म्हणाली, "घरी."

आता पत्रात लिहिलं होतं की सोमवारी सकाळी आठला कामावर हजर व्हावं, राहायची सोय मठातल्या सिस्टरांच्या घरी आहे, आणि न आल्यास कामाचं बाक दुसऱ्या मुलीला द्यावं लागेल. पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज ती ते वाचायची आणि पुन्हा पुस्तकात ठेवायची. दुकानाचं दार वर जायचं, खाली यायचं. दिवस त्या पत्र्याच्या आतच संपायचा.

नवाच्या सुमारास डॉक्टर फाब्रींची हिरवी गाडी दारात येऊन थांबली. मेहुण्याकडून घेतलेली, शर्यतीच्या रक्ताची, दोन कार्ब्युरेटरांची. दोन आठवड्यांत ती तिसऱ्यांदा आली होती. डॉक्टर उतरले ते दार आपटूनच.

"उस्ताद, हिनं आज माझा जीव घेतला असता."

लेआर्कोंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि नीवेसकडे पाहिलं. नीवेसनं विचारलं, "तीच खोड का डॉक्टर?"

"तीच! उभी असताना घड्याळासारखी चालते. पाय दाबला की आधी आवंढा गिळते आणि मग पळते. मघाशी गल्लीतून हमरस्त्यावर निघालो. डावीकडून गवताचा ट्रक. दूर होता, म्हटलं निघून जाऊ. पाय दाबला, आणि ही बया रस्त्याच्या मधोमध विचार करत बसली! ट्रकवाल्यानं माझ्या सात पिढ्या उद्धारल्या."

समोरच्या कॅफेचा एलियो हातात रिकामा ट्रे घेऊन रस्ता ओलांडून आला. बॉनेट उघडलं की तो यायचाच. "गाडी आहे का नवी नवरी, डॉक्टर? उंबऱ्यावर अडते म्हणजे काय!"

"तू तुझी कॉफी बघ."

"कॉफी बघूनच आलोय. लेआर्को, अरे, तुझी बोटं म्हातारी झाली की काय?"

लेआर्को हसले. दुसरे हसले की तेही हसायचे, ती त्यांची जुनी युक्ती. मग बॉनेट उघडलं, आस्तीन मागे सारली, तळवा मडगार्डवर ठेवला. "सुरू करा."

नीवेसनं नळी कानाला लावली. पहिल्या कार्ब्युरेटरचा श्वास, दुसऱ्याचा श्वास. सारखेच. बहिणी एका उशीवर झोपाव्यात तसे. तिनं तळवा टेकवला. पुरे.

"उत्तम आहे," लेआर्को डॉक्टरांना म्हणाले.

"उभी असताना उत्तमच असते हो! रेस देऊन बघा."

रेस दिली. इंजिननं आवंढा गिळला, आणि मग गर्जना केली. लेआर्कोंना गर्जनेचा थरथराट हाताला लागला. आवंढा लागला नाही. पण डॉक्टरांचा चेहरा त्यांना दिसला.

त्यांनी पॉइंट तपासले, प्लग काढून पाहिले. मागच्या खेपेला पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या छोट्या पंपांच्या जेट साफ केल्या होत्या, त्या पुन्हा काढल्या, हवेनं फुंकल्या, उजेडात धरून पाहिल्या, बसवल्या. मिश्रणाचे स्क्रू नीवेसच्या टिचक्यांवर पुन्हा लावले. एक, एक, दोन, तळवा. दहा वाजले. रेस दिली. गाडीनं पुन्हा आवंढा गिळला.

नीवेसला तो आता स्पष्ट ऐकू येत होता. पेट्रोल कमी पडल्याचा तो आवाज नव्हता. पाय दाबल्यावर पहिला कार्ब्युरेटर श्वास घेत होता, आणि दुसरा घेत होता त्यानंतर. डोळ्याची पापणी लवते तेवढाच उशीर. दोघांना जोडणारी जी दांडी होती, तिच्यात कुठं तरी ढील होती. उभ्या गाडीत स्प्रिंग ती ढील ओढून धरी, म्हणून सगळं सारखं वाटे. दांडी हलली रे हलली की पहिला निघे आणि दुसरा मागे राही.

तिनं टिचकीसाठी बोट उचललं, आणि ते तसंच राहिलं.

काय सांगणार होती ती? सैल करा? आवळा? तो उशीर ज्या क्षणी ऐकू येई, त्याच क्षणी सरून जाई. टिचकी त्यांच्या हाताला पोचेपर्यंत इंजिन पुढं निघून गेलेलं असे. सहा वर्षं ही भाषा पुरली, कारण सहा वर्षं ते उभ्या इंजिनाशीच बोलत होते. पळत्या इंजिनाची खोड काढायची तर नळी ज्याच्या कानात, दांडी त्याच्याच बोटांत हवी. बाबा पूर्वी तसंच करायचे. एका कानात नळी, एका हातात दांडी, आणि शेजारी कुणी नाही. गुपित सांभाळायला त्यांनी एक काम दोघांत वाटून घेतलं, आणि नेमकं तेच काम त्यांच्या हातून निसटलं होतं.

म्हणजे करायचं तर तिनं एकटीनं करायचं. डॉक्टरांसमोर. एलियोसमोर. एलियोला कळलं की बाराच्या घंटेआधी चौकाला कळणार.

तिनं बोट खाली घेतलं. नळी गळ्यात अडकवून उभी राहिली.

"पेट्रोलमध्ये पाणी असेल," लेआर्को म्हणाले. त्यांच्या आवाजात पूर्वी कधी नसलेली शंका होती. "टाकी रिकामी करावी लागेल. सोमवारी आणा."

सोमवार म्हणताच नीवेसचा हात एप्रनच्या खिशावर गेला.

"सोमवारी!" डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "उस्ताद, वर ब्रिझिगेल्लाच्या डोंगरात एक बाई अडलीय. पहिलटकरीण आहे. मला आता थांबून चालणार नाही, अकराच्या आत पोचायला हवं. हमरस्ता दोनदा ओलांडायचा आहे." मग जरा खालच्या आवाजात, चीड गिळून ते म्हणाले, "राहू द्या. प्रत्येकाचं वय होतं. पुढच्या आठवड्यात मी बोलोन्यालाच दाखवतो."

लेआर्कोंना बोलोन्या एवढं ओठांवरून कळलं. त्यांनी पेचकस फडक्यानं पुसायला घेतला. पुसलेलाच पुन्हा पुसत राहिले.

डॉक्टर गाडीत बसले. किल्लीला हात लागला.

नीवेसनं मरियेच्या फरशीकडे पाहिलं. आई, याचा कान मी, असं मी म्हटलं होतं. पण कानानं ऐकलेलं तोंडानं बोलायचं नाही, असं काही म्हटलं होतं का? आणि त्या अडलेल्या बाईची आईही कुठं तरी माळ धरून बसली असेल.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की फक्त एलियोला ऐकू आला. मग तिनं बॉनेटवर हात मारला. "थांबा! पाच मिनिटं. खाली उतरू नका. मी सांगेन तसा पाय दाबा, अगदी हळू."

तिनं नळी कानाला लावली आणि डावा हात आत घालून दांडी बोटांत धरली. तापलेला धातू चटका देत होता.

"हे काय करतेस?" लेआर्कोंनी विचारलं.

ती वळली नाही. वळली असती तर धीर सुटला असता. "दाबा. आणखी. सोडा. पुन्हा."

बोटांखाली तो सांधा सापडला. सांध्यातली खीळ झिजून बारीक झाली होती, आणि दांडी हलताना आधी नुसतीच डुलत होती. इंजिन बंद करायला सांगून तिनं खणातून नवी खीळ काढली. ती किंचित जाड, भोकात जाईना. मग कानशीनं थोडी घासली, जशी सुराची पत्ती घासावी तशी, फुंकली, बसवली. पुन्हा सुरू. आता खरं काम. पाय थोडासा दाबलेला ठेवायला लावून ती नळी एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नेत राहिली, आणि दोघांमधला जुळणीचा स्क्रू फिरवायला तिनं न बघताच उजवा हात मागे पसरला.

हात काही क्षण रिकामाच राहिला. मग त्यात चंदनी रंगाची मूठ आली. लेआर्कोंचा पेचकस. आजवर दुसऱ्या कुणाच्या हाताला न लागलेला.

पाव फेरा. त्याहून निम्मा. परत किंचित मागे. दोन श्वास एक झाले, आणि दाबतानाही एकच राहिले.

"आता जोरात."

आवंढा नाही. इंजिन सरळ वर चढलं. डॉक्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांनी हात हलवला आणि गाडी काढली. गाडी कोपऱ्यावर हमरस्त्याला लागताना तिघंही दारात उभी राहून पाहत होती. थांबली, वळली, गेली. गुरुवारी चर्चच्या मिरवणुकीत उधळलेल्या, आता वाळलेल्या पाकळ्या चाकांमागं उडाल्या.

एलियोनं ट्रे काखेत धरला. "म्हणजे कान तुझा होता?" तो नीवेसला म्हणाला, आणि मग लेआर्कोंकडे पाहत, "सगळा वेळ?"

नीवेस काही बोलणार तोच लेआर्को मोठ्यानं म्हणाले, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तसे, "मला ऐकू येत नाही, एलियो. नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तुझा एकही विनोद मी ऐकलेला नाही."

एलियोनं कपाळावर हात मारला. "मग हसायचास कशाला रे, गाढवा?"

"तुझं तोंड पाहून."

एलियो रस्ता ओलांडून गेला, पण कॅफेत शिरला नाही. थेट चौकाकडे निघाला.

लेआर्कोंनी हात धुतले. नखांमधलं काळं काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. नीवेस तिथंच उभी होती. ते रागावतील, जेवायला येणार नाहीत, आठवडाभर बोलणार नाहीत, या सगळ्याची तयारी तिनं मनात केली होती. जे झालं त्याची केली नव्हती. ते आले, तिच्या हातातून पेचकस घेतला, फडक्यानं पुसला आणि पुन्हा तिच्याच हातात ठेवला. वरून तिची बोटं मिटली.

"माझे हात आता पुरे," ते म्हणाले. "दुकान तुझं. पाटीवर तुझं नाव घालू. नीवेस मोंतानारी. बाई कार्ब्युरेटरवाली, सगळ्या रोमान्या प्रांतात अशी दुसरी नसेल! तुझी आई असती तर..." त्यांचे डोळे भरले होते. "सोमवारी रंगाऱ्याला बोलावतो."

नीवेसला वाटलं, पत्र्याचं दार आतून कुणीतरी खाली ओढलं. इतकी वर्षं ती कान होती, कान निदान लपलेला असतो. आता तिचं नाव रंगवून भिंतीवर ठोकलं जाणार होतं. आणि तेही प्रेमानं, भरल्या डोळ्यांनी. रागावर उत्तर असतं. याला काय उत्तर द्यायचं? सवयीनं तिची मान हलू लागली. हो बाबा. हो.

मान अर्ध्यावर थांबली.

हाताला काम आहे तोवर. तिनं आईसमोर म्हटलेले शब्द हेच होते, अक्षरन् अक्षर. रोज रात्री माळेच्या शेवटच्या मण्यावर ती ते पुन्हा म्हणत आली होती. आणि आत्ता, तिनं न मागता, तिच्यासमोर, ते हात म्हणाले होते की आता पुरे. वसा तिनं टाकला नव्हता. त्याचा शेवटचा दिवस उगवला होता, आणि तो आज होता.

तिनं पेचकस बाकावर ठेवला. शेजारी आपला तळवा पालथा, सपाट टेकवला.

लेआर्कोंनी त्या तळव्याकडे पाहिलं. सहा वर्षं ज्या खुणेवर ते हात काढून घेत आले होते, ती खूण. "काय पुरे?" त्यांनी विचारलं. "इंजिन तर बंद आहे."

दुसऱ्या हातानं तिनं पुस्तकातलं पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर उलगडलं. त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. तारखेपाशी बोट नेलं.

"यात्रेला गेलीस तेव्हा?"

तिनं मान हलवली. "यात्रा खरी होती, बाबा."

"आणि माझं जेवण?"

"एलियोची बायको देईल. मी विचारलेलं नाही अजून. आता विचारते." ओठ नीट हलवायला तिला जमत नव्हतं, ते थरथरत होते. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

बाहेर बाराची घंटा सुरू झाली. ती तिनं मोजली नाही. ते पत्राकडे पाहत होते, मग दिव्याकडे, मग बाकावर पसरलेल्या तिच्या हाताकडे. तळवा तिनं उचलला नव्हता. उचलला असता तर पुन्हा टेकवायचं बळ तिच्यात उरलं नसतं.

लेआर्कोंनी आपलं जाड, काळ्या रेघांचं बोट उचललं. आजवर टिचक्या तिनं मारल्या होत्या, त्यांनी फक्त ऐकल्या होत्या. बोट हवेत थोडा वेळ अडखळलं. मग बाकाच्या लाकडावर खाली आलं.

एक.

नीवेस श्वास धरून उभी राहिली. एकच राहिली तर सैल, दुसरी आली तर आवळ. तिच्या तळव्याखालचं लाकूड गार होतं, आणि त्यातून येणारी अगदी हलकी टिचकीही तिला कळली असती.

घंटा थांबली. लेआर्कोंनी बोट उचललं, चष्मा काढून घडी घालून खिशात ठेवला, आणि जेवायला वर जाण्यासाठी जिन्याकडे वळले.

दुसरी टिचकी आली नाही.